दहा लिटरला दोनशे चोवीस

इंजिन बंद होतं आणि गाडी चालत होती!

चांदणी चौकाच्या अलीकडे, जुलैच्या पावसात, पुढे बस, मागे टेम्पो, डावीकडे अंगावर येणारी रिक्षा. रोजचंच दृश्य. याच ठिकाणी गेली अकरा वर्षं मी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत बसून क्लच दाबत, सोडत, दाबत, सोडत पुण्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. त्या दिवशी मात्र नव्या गाडीत बसले होते, ताबा मिळून तिसराच दिवस होता. बस दहा फूट सरकली, मी ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी सरकली, आणि आवाजच आला नाही. फक्त वायपरचा आणि पावसाचा आवाज. समोरच्या पडद्यावर ‘ईव्ही’ ही दोन हिरवी अक्षरं. पुन्हा थांबले, पुन्हा सरकले, तरी इंजिन गप्प. सतरा मिनिटं त्या कोंडीत होते, त्यातली जेमतेम तीन-चार मिनिटं इंजिन चाललं असेल. आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिक जॅम संपला तेव्हा मला वाईट वाटलं!

ऑफिसला पोचल्या पोचल्या नवऱ्याला फोन केला. “अरे, पडदा चोवीसचं अ‍ॅव्हरेज दाखवतोय! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चोवीस!” तो शांतपणे म्हणाला, “पडदा काय, काहीही दाखवेल.”

आता थोडं मागे जाते. गाडी म्हणजे टोयोटाची हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. २०२२ साली बाजारात आली, मारुतीची ग्रँड विटारा तिची जुळी बहीण, आणि दोघी तयार होतात बंगळुरूजवळच्या बिडदीला. उंच बसायची सोय, आईच्या गुडघ्यांना चढायला-उतरायला बरी, खड्ड्यांत पोट घासत नाही, म्हणून घेतली. अ‍ॅव्हरेज हा विषय माझ्या यादीत खालून दुसरा होता. माहितीपत्रकावर लिटरला २७.९७ किलोमीटर असं छापलं होतं. ते वाचून मी हसले होते. जुन्या छोट्या गाडीच्या कागदावरही असाच काहीतरी मनोहर आकडा होता आणि शहरात ती मला साडेबारा द्यायची. कागदावरचं अ‍ॅव्हरेज म्हणजे लग्नाच्या स्थळाने सांगितलेला पगार, असंच मी धरून चालले होते.

पण त्या पावसाळी सकाळी माझ्या डोक्यात किडा शिरला. २७.९७ हा आकडा येतो तरी कुठून? आणि माझ्या गाडीचा खरा आकडा कोणता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मी उडालेच. कोथरूडमध्ये वाढलेली मी, वेताळ टेकडीवर लहानपणापासून फिरायला जाते. आम्ही त्या भागाला सरळ ‘एआरएआय टेकडी’ म्हणतो. तिथून सूर्योदय पाहिलाय, तिथे मोर पाहिलेत, कॉलेजात असताना तिथे भांडून अबोलाही धरलाय. पण एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ साली स्थापन झालेली, आणि देशभर लोक गाडीच्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्याला जिचं नाव देतात ती हीच, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अशा अधिकृत चाचण्या करणाऱ्या संस्था देशात आणखीही आहेत, पण शोरूममध्ये आकडा सांगताना नाव घेतलं जातं ते माझ्या टेकडीचं!

आणि ती चाचणी कशी होते ठाऊक आहे? गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. बंद खोलीत गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, रोलर फिरतो, गाडी जागची हलत नाही. चालकासमोर एक ठरलेला आलेख असतो, त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडं कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. जास्तीत जास्त वेग ताशी ९०, आणि तोही थोडाच वेळ. एसी बंद. पेट्रोलही मापाने मोजत नाहीत. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत भरून त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात.

म्हणजे २७.९७ हे खोटं नाही! ते खरंच आहे, पण अशा जगातलं, जिथे एसी नाही, चढ नाही, पाऊस नाही, मागच्या सीटवर “आई, गार कर ना” म्हणणारी मुलगी नाही आणि रिक्षा तर नाहीच नाही. या चाचणीचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास निघतो. माझा हायवेवरचा वेग त्याच्या तिप्पट. मग आकडा जुळणार कसा? मला उगीचच वाटत होतं की कोणीतरी फसवतंय. फसवत कोणीच नव्हतं, प्रश्नपत्रिकाच वेगळी होती.

आता दुसरा प्रश्न, आणि तिथे आले बाबा.

माझे वडील एसटीत तेहतीस वर्षं चालक होते. पडद्यावरच्या चोवीसचं कौतुक त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “डेपोत टाकी भरून मोजलंस का?” एसटीत डिझेलचा हिशेब लिटरमागे नसतो, दहा लिटरमागे किती किलोमीटर असा असतो. केपीटीएल म्हणतात त्याला. प्रत्येक चालकाचा केपीटीएल डेपोत मोजला जायचा आणि बाबांचा आकडा पन्नास-बावन्नच्या खाली कधी आला नाही, हे आमच्या घरात शाहिराच्या पोवाड्यासारखं वारंवार ऐकवलं जातं. त्यांनीच पद्धत शिकवली. टाकी फुल करायची, नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचं. पंपावरचा पोरगा “राउंड फिगर करू का?” म्हणाला तरी नाही म्हणायचं. किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. गाडी चालवायची. पुन्हा त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. झालेले किलोमीटर भागिले गेलेले लिटर. “यंत्र काय सांगतं ते यंत्राचं. वही काय सांगते ते आपलं,” बाबा म्हणाले.

मग काय, लेकीच्या जुन्या गणिताच्या वहीतली कोरी पानं फाडली आणि आम्ही तिघं कामाला लागलो.

पहिली टाकी, निव्वळ शहर, कोथरूड ते हिंजवडी आणि परत: ७१८ किलोमीटर, ३०.४ लिटर. म्हणजे २३.६! पडदा पंचवीसच्या जवळ दाखवत होता, तो थोडा बढाईखोर निघाला. पण साडेतेवीस! एसी लावून, पावसात, चांदणी चौकातून! मी पंपावरच ओरडले. मागचा बाइकवाला दचकला.

दुसरी टाकी, कोल्हापूर जाऊन-येऊन. मला वाटलं, शहरात साडेतेवीस म्हणजे मोकळ्या हायवेवर तर तीसच्या पुढे जाईल. अकरा वर्षं मी हेच शिकले होते की शहरात गाडी पेट्रोल पिते आणि हायवेला वाचवते. शंभरचा काटा धरून गेले आणि आले. ४७० किलोमीटर, २३.९ लिटर. १९.७!

मी तीनदा भागाकार केला. लेकीने मोबाइलवर केला. उत्तर तेच. इथेच मला या सगळ्याची किल्ली सापडली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

साध्या गाडीत काय होतं? पेट्रोल जाळून दीड टनाचा ऐवज ताशी साठला न्यायचा आणि सिग्नल लागला की ब्रेक दाबायचा. ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत जाते. हिशेब केला तर अशा एका थांबण्यात घरातला पंखा पाऊण तास फिरेल एवढी ऊर्जा असते. आपण ती प्रत्येक सिग्नलला फेकून देतो. या गाडीत ब्रेकला पाय लावला की आधी मोटरच उलटी राबते, जनित्र होते आणि गाडी थांबवता थांबवता वीज बॅटरीत टाकते. सगळी परत येत नाही, पण बराच वाटा येतो. पुढच्या वेळी निघताना तीच वीज गाडी ओढते. आणि पेट्रोल इंजिनचं सगळ्यात अशक्त काम म्हणजे अगदी हळू ओढणं आणि उभं राहून नुसतं घुरघुरणं. ते काम त्याच्याकडून काढूनच घेतलं आहे. त्याला उठवायचं ते अंगात बळ असेल तेव्हाच.

म्हणून शहर हे या गाडीचं माहेर! जिथे थांबणं आहे तिथे परतावा आहे. हायवेवर थांबायचंच नसेल तर परत काय मिळणार? तिथे लढाई एकट्या वाऱ्याशी. आणि वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे शंभर केले की वेग पाव पटीने वाढतो, पण वाऱ्याचा विरोध छप्पन्न टक्क्यांनी! त्यात अशी उंच गाडी म्हणजे वाऱ्यासमोर उभं केलेलं कपाटच.

खरं-खोटं करायला पुढच्या महिन्यात त्याच रस्त्याने पुन्हा कोल्हापूरला गेले, यावेळी काटा ऐंशीवर. डाव्या लेनमध्ये, शांत, गाणी ऐकत. ४७५ किलोमीटर, २०.३ लिटर. २३.४! तीच गाडी, तोच रस्ता, तोच पंप. लिटरमागे पावणेचार किलोमीटर नुसत्या उजव्या पायाच्या अंगठ्यात दडलेले होते. वेळ किती जास्त लागला? जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तासही नाही. बाबा म्हणाले, “आम्ही तेहतीस वर्षं काय सांगत होतो? पाय हलका ठेव.”

पण बाबांची खरी परीक्षा झाली ताम्हिणी घाटात.

दापोलीला निघालो होतो. आई, बाबा, लेक, आम्ही दोघं. सामान डिकीत मावेना, कारण डिकीखाली बॅटरी बसली आहे. लाडवांचा डबा आईच्या मांडीवर. मुळशी मागे पडलं, घाट सुरू झाला, मी पाय उचलला आणि इंजिन नेहमीसारखं गप्प झालं. शेजारी बसलेले बाबा ताठ झाले.

“अगं, गाडी बंद पडली! गिअरमध्ये घे!”

“बाबा, बंद नाही पडली. असंच असतं.”

“असं कसं असतं? उताराला इंजिन बंद? ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, एवढं शिकवलं तुला!”

घाटात बंद गाडी सोडणं हे त्यांच्या लेखी पाप. बरोबरच आहे. साध्या गाडीत इंजिन बंद केलं की ब्रेकची ताकद जाते, स्टिअरिंग जड होतं. मी पडद्यावरचे बाण दाखवले. चाकांकडून बॅटरीकडे जाणारे. गाडी मोकळी सुटलेली नव्हती, मोटरने धरून ठेवली होती. बाबा गप्प बसले, पण उजवा पाय त्यांच्या बाजूच्या नसलेल्या ब्रेकवर दाबून.

घाट अर्धाही उतरला नव्हता तोच बॅटरीचा डबा पूर्ण भरला. आणि अचानक इंजिन घुमायला लागलं. मी अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावलेला नसताना! तो आवाज ऐकला आणि बाबांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. “आता कसं! आता सेकंड लागला.”

आणि खरंच तसंच होतं! घाटाची उंची साधारण पाचशे मीटर धरा. दीड टनाची गाडी तेवढी खाली येते तेव्हा दोन युनिट वीज होईल एवढी ऊर्जा मोकळी होते, घरच्या मीटरवरची दोन युनिटं. या गाडीची बॅटरी आहे पाऊण युनिटाची, आणि तीही काठोकाठ भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत. भांडं भरल्यावर उरलेलं पाणी कुठे घालायचं? मग मोटर ती ऊर्जा इंजिन फिरवण्यात खर्च करते. पेट्रोलचा थेंब नाही, नुसती फिरकी, नुसती रोखून धरण्यासाठी. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ नावाची जागा आहे, ती खास याचसाठी. एसटीच्या चालकाचा दुसरा गिअरच तो. बाबांनी ती ‘बी’ बोटाने टोकून पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे यांनी कोणातरी ड्रायव्हरला विचारून केलंय.”

उतरताना पडद्याने सत्तावीसच्या वर आकडा दाखवला तेव्हा लेक किंचाळली, “आई, कागदावरचा आकडा!” मीही किंचाळले. परतीला तोच घाट चढताना पडदा पार खाली घसरला, तेव्हा दोघी गप्प. जाऊन-येऊन वहीत पडलं: ३७२ किलोमीटर, १६.१ लिटर, २३.१. घाट उसने देतो, दान देत नाही.

याच वहीत एक ओशाळवाणा आकडाही आहे. लेकीची शाळा दीड किलोमीटर. सकाळी गार इंजिन, तेवढ्यासाठीच गाडी काढली तर पडदा तेरा-चौदा दाखवतो. इंजिनला आणि धूर साफ करणाऱ्या यंत्रणेला आधी गरम व्हावं लागतं, ते होतं न होतं तोच शाळा येते. आता आम्ही चालत जातो. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा टाकीत शिरण्याआधीच कमी. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघते, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने नाही.

चार टाक्या झाल्यावर बेरीज केली. बाबांनी इथेही पकडलं. मी चार आकड्यांची सरासरी काढत होते. “असं नसतं. सगळे किलोमीटर एकीकडे, सगळं डिझेल एकीकडे, मग भाग.” २,०३५ किलोमीटर, ९०.७ लिटर. २२.४.

नवरा म्हणाला, “म्हणजे अठ्ठावीस सांगून बावीस. साडेपाच गेलेच की.” त्या क्षणी मी वहीतलं शेवटचं पान उघडलं, कारण सगळ्यात मोठा शोध तिथे होता. आमचं वर्षाचं चालणं १२,००० किलोमीटर. जुन्या गाडीच्या साडेबाराने ९६० लिटर लागायचे. २२.४ ने लागतील ५३६. वाचले ४२४ लिटर! लिटरला शंभरच रुपये धरले तरी बेचाळीस हजार. आणि खरोखर अठ्ठावीस मिळाले असते तर? ४२९ लिटर. म्हणजे आणखी १०७ च. खालच्या आकड्यातून वर येताना पेट्रोल धो-धो वाचतं, वरच्यावर चढताना थेंब-थेंब. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या नजरबंदीवर लेखच लिहिला होता. लिटरला किती किलोमीटर यापेक्षा शंभर किलोमीटरला किती लिटर असं विचारा, डोळे उघडतात. जुनीला आठ, हिला साडेचार.

हायब्रिडसाठी साध्या मॉडेलपेक्षा लाखांत जास्त पैसे मोजावे लागतात, ते विसरले नाहीये. ज्याचं चालणं कमी आणि तेही हायवेचंच, त्याचे ते पैसे फिटायला फार वर्षं लागतील. रोज कोंडीत अडकणाऱ्याने मात्र हिशेब जरूर मांडावा.

हे सगळं एका दमात बाबांना ऐकवलं. त्यांनी चष्मा लावून वही पाहिली, मनाशी पुटपुटले, आणि आपल्या भाषेत आकडा सांगितला. “दहा लिटरला दोनशे चोवीस.” मी विजयी मुद्रेने म्हटलं, “आणि तुमचा, बाबा? पन्नास!”

“पन्नास. पण माझ्या गाडीत चव्वेचाळीस सीट होत्या. ऑफिसला तू किती जण असतेस?”

मी एकटी असते. चव्वेचाळीस गुणिले पाच, लिटरमागे २२० माणूस-किलोमीटर. एकट्या मला घेऊन जाणाऱ्या माझ्या अद्भुत गाडीचे साडेबावीससुद्धा नाहीत. पाच जण कोंबून दापोलीला गेलो तरी ११५ आणि काही, भरलेल्या एसटीच्या निम्मेच.

सोमवारपासून सोसायटीतल्या दोघीजणी माझ्याबरोबर हिंजवडीला येतात. वहीत मी नवा रकाना आखला आहे: माणसं. तुमच्याही गाडीची टाकी पुढच्या वेळी फुल कराल तेव्हा पहिल्या कटला थांबा, आकडा लिहून ठेवा, आणि शेजारची सीट रिकामी आहे का तेही लिहा.